‘इतर’ रकान्यातल्या दीर्घिका

आकाशाविषयी लिहिताना बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला सुरुवात जमिनीपासून करावी लागते. कारण आमच्याकडे आकाश एकदा जमिनीवर येऊन आदळले आहे. लोणारचे सरोवर ही त्याची खूण. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि काठापासून जवळजवळ दीडशे मीटर खोल असा हा गोल खळगा काळ्या बसाल्टमध्ये कोरला गेला आहे. लवणासुराच्या कथेने त्याला पुराणात जागा दिली. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ भूशास्त्राच्या कागदपत्रांत लोणारची गणना ज्वालामुखीशी संबंधित खळग्यांत होत राहिली.

तर्क वरवर बिनचूक होता. सगळा दख्खन लाव्हारसाने घडलेला, चहूबाजूंनी त्याच लाव्हाचा खडक आणि मधोमध वाटोळे तोंड. मग ते ज्वालामुखीचे नाही तर कशाचे? पण १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात भारतीय आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्ध झाला. खळग्यातल्या खडकांत त्यांना प्रचंड आघाताच्या दाबानेच तयार होणाऱ्या काचेसारख्या द्रव्याच्या खुणा सापडल्या होत्या. इतका दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. लोणारचा रकाना बदलला. वयाचा हिशेबही फिरला. आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगितले जाणारे वय पुढे आरगॉन वायूच्या मोजणीवरून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. खळगा तोच, खारे पाणी तेच, काठावरची देवळेही तीच. फक्त त्याच्याविषयीची आपली समजूत बदलली.

आकारावरून प्रकार ठरवण्यात हा धोका असतो. आज मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या आकाशातल्या वस्तूंच्या बाबतीत तर तो फार मोठ्या प्रमाणावर घडला. या वस्तू म्हणजे आपल्या शेजारच्या विश्वातल्या लहानखुऱ्या, नवे तारे घडवणाऱ्या दीर्घिका. शास्त्रज्ञ त्यांना ‘बटू दीर्घिका’ म्हणतात. बराच काळ त्यांची जागा ‘इतर’ या रकान्यात होती. पण विश्वाच्या घडणीची गोष्ट सांगायची वेळ आली, तेव्हा साक्षीला उभे राहावे लागले ते याच ‘इतरां’ना.

हबलची प्रतवारी

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे, वायूचे आणि धुळीचे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले कुटुंब. आपला सूर्य ज्या कुटुंबातला, ती आकाशगंगा. तिच्यात दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. असे कुटुंब आपले एकट्याचेच नाही, हे शंभर वर्षांपूर्वी एडविन हबल यांनी सिद्ध केले आणि १९२६ साली त्यांनी दीर्घिकांची प्रतवारी लावून दिली. गुळगुळीत, अंडाकृती दिसणाऱ्या त्या लंबवर्तुळाकार. भोवऱ्यासारखे बाहू असलेल्या त्या सर्पिल. मध्ये दांडा असेल तर दंडयुक्त सर्पिल. आणि ज्यांना धड केंद्र नाही, धड सममिती नाही, त्या अनियमित. हबलच्या नमुन्यात या शेवटच्या गटात शेकडा तीनच्या आसपास दीर्घिका होत्या.

प्रतवारी हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझे वडील कापूस पिकवायचे आणि हंगामात गाडी भरून खामगावच्या बाजारात न्यायचे. तिथे कापसाची एक बट बोटांत धरून, ताणून, धाग्याची लांबी पाहून माणसे क्षणात प्रत सांगत. लांब धाग्याचा, पांढराशुभ्र, तो वरच्या भावाचा. डागाळलेली कवडी वेगळी, शेवटच्या वेचणीचा फरदड वेगळा. वडिलांची त्याबद्दल तक्रार नसे, पण परतताना ते म्हणायचे, ‘‘भाव ढिगाचा होतो रे, झाडाचं कोणी विचारत नाही.’’ कोणत्या झाडाला पाणी कमी पडले, कोणत्यावर बोंडअळी आली, हे ढिगात कुठून दिसणार? प्रतवारी व्यवहाराला आवश्यकच असते. ती मालाचा इतिहास मात्र सांगत नाही.

हबलच्या त्या शेकडा तीनमध्ये आणखी एक गोम होती. राजूर घाटात रात्री थांबून खाली मोताळा-मलकापूरकडच्या सपाटीकडे पाहिले, तर शहरांचे दिवे पटकन नजरेत भरतात. त्यावरून कोणी म्हणाले की या मुलखात शहरेच जास्त आणि खेडी थोडी, तर आपण हसू. खेडी आहेतच, त्यांचा उजेड एवढ्या दूर पोचत नाही, इतकेच. दीर्घिकांचेही तसेच आहे. मोठ्या, तेजस्वी दीर्घिका दुरूनही दिसतात, म्हणून यादीत त्यांची गर्दी होते. जवळच्या परिसराची घरोघरी मोजणी केली की चित्र उलटते. आपल्या आकाशगंगेच्या शेजारगटात मोठ्या म्हणाव्यात अशा दीर्घिका तीनच: आपली आकाशगंगा, देवयानी आणि त्रिकोण तारकासमूहातली एम ३३. बाकीच्या कित्येक डझन सभासद बटू आहेत. विश्वात दीर्घिकांची खेडीच जास्त आहेत.

न दिसलेले शेजारी

यातल्या सर्वांत प्रसिद्ध दोघी म्हणजे मॅगेलनचे मेघ. दक्षिण गोलार्धात अंधाऱ्या रात्री ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आकाशगंगेचा पट्टा फाटून दोन तुकडे बाजूला पडावेत तसे. मोठा मेघ सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर आहे, लहान मेघ सुमारे २ लाख. आमच्या लोणारचा अक्षांश जवळजवळ २० अंश उत्तर. तिथून मोठा मेघ दक्षिण क्षितिजाला जेमतेम टेकतो, म्हणजे धुळीत आणि झाडाझुडपांत हरवतो. लहान मेघ तर उगवतच नाही. सप्तर्षी, कृत्तिका, मृग आपल्या घरादारांत, सणांत आणि शेतीच्या वेळापत्रकात येऊन बसले. हे दोन शेजारी मात्र आपल्या गच्चीवर कधी आलेच नाहीत.

दुसरी एक शेजारीण आपल्याकडून दिसते. धनू राशीत एनजीसी ६८२२ नावाची लहान, अनियमित दीर्घिका आहे. १८८४ साली बर्नार्ड या निरीक्षकाने ती एका साध्या दुर्बिणीतून शोधली. हबलने माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून तिची छायाचित्रे घेतली आणि ठरावीक काळाने उजळणारे-मंदावणारे अकरा तारे त्यात टिपले. अशा ताऱ्याच्या उजळण्या-मंदावण्याच्या काळावरून त्याचे खरे तेज कळते आणि तेजावरून अंतर. १९२५ साली त्याने या दीर्घिकेवर सविस्तर निबंध लिहिला: ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र तारकासंस्था आहे. त्याने काढलेले सुमारे ७ लाख प्रकाशवर्षांचे अंतर आज सुमारे १६ लाखांवर गेले आहे, पण निष्कर्ष पक्का राहिला. देवयानीवरचा त्याचा तसाच विस्तृत निबंध आला १९२९ साली. म्हणजे आकाशगंगेबाहेरचे जग उलगडताना सविस्तर जबानी आधी नोंदवली गेली ती एका बटूची. आणि दुसऱ्याच वर्षी तयार झालेल्या प्रतवारीत ती बसली ‘अनियमित’ या रकान्यात!

पुढे द व्होकुलर या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने मोठ्या मॅगेलन मेघाकडे बारकाईने पाहिले. त्याला तिथे एक दांडा आणि एका बाजूला वळलेला बाहू दिसला. ज्याला सगळे अस्ताव्यस्त म्हणत होते त्यात एक ढोबळ शिस्त होती. १९५०च्या दशकात त्याने सर्पिल आणि अनियमित यांच्यामध्ये नवे टप्पे घातले आणि ‘मॅगेलनसदृश’ असा उपप्रकारच तयार केला. रकान्याला पहिले दार फुटले ते असे.

कुटुंबाची शिरगणती

पण नुसत्या आकाराच्या छायाचित्रावर कुठवर विसंबायचे? घराचा फोटो पाहून घर केवढे ते कळते. घरात कोण कोण आहे ते कळत नाही. म्हणून आजचे खगोलशास्त्रज्ञ एकाच दीर्घिकेची वेगवेगळ्या प्रकाशांत चित्रे घेतात. हे समजायला आपण शिरगणतीला निघालेल्या गुरुजींची कल्पना करू. त्यांना चार गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत: घरात वडीलधारी किती, तरुण किती, पाळण्यात कोण आणि कणगीत धान्य किती.

वडीलधारी म्हणजे जुने, थंडावलेले, तांबूस तारे. ते लाल आणि अवरक्त प्रकाशात दिसतात. तरुण म्हणजे गेल्या साधारण दहा कोटी वर्षांत जन्मलेले तापलेले निळे तारे. त्यांची खूण अतिनील किरणांत मिळते. हे किरण आपले वातावरण अडवते, म्हणून त्यासाठी दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. पाळण्यातली बाळे म्हणजे अगदी अलीकडचे, जेमतेम काही लाख ते एक कोटी वर्षे वयाचे प्रचंड तारे. त्यांच्या प्रखरतेने भोवतालचा हायड्रोजन एका विशिष्ट गुलाबी-लाल रंगात झळकतो. तेवढाच रंग आत सोडणारा फिल्टर लावून एक चित्र घ्यायचे, साध्या लाल फिल्टरने दुसरे घ्यायचे आणि पहिल्यातून दुसरे वजा करायचे. जुन्या ताऱ्यांचा उजेड पुसला जातो आणि पाळणे तेवढे चमकत उरतात. बाळंतिणीच्या खोलीतला दिवा दुरून ओळखता यावा, तसेच हे.

आणि कणगीतले धान्य? ते म्हणजे थंड हायड्रोजन वायू, ज्यातून उद्याचे तारे घडायचे आहेत. तो कोणत्याही दृश्य रंगात दिसत नाही. पण तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. त्या पकडायला रेडिओ दुर्बीण लागते, आणि अशी एक जगातली नामांकित दुर्बीण आपल्या महाराष्ट्रातच आहे. तिच्याकडे आपण येऊच. त्याआधी पूर्ण शिरगणती न केल्याने काय घोटाळा होतो, ते पाहू.

‘नवजात’ दीर्घिकेचे वय

सप्तर्षींच्या तारकासमूहात आय झ्विकी १८ नावाची एक इवलीशी निळी दीर्घिका आहे. फ्रिट्झ झ्विकी या विलक्षण शास्त्रज्ञाने गोळा केलेल्या आटोपशीर दीर्घिकांच्या यादीतली ही अठरावी. १९७०च्या सुमारास सर्ल आणि सार्जंट या जोडीने तिचा वर्णपट तपासला आणि ते चकित झाले. ताऱ्यांच्या पोटात शिजून बाहेर पडणारा प्राणवायू हिच्यात सूर्याच्या तुलनेत जेमतेम तीन टक्के होता. चूल नुकतीच पेटलेली असावी, तसे. दोनच शक्यता होत्या. एक तर ही दीर्घिका खरोखर नवजात आहे, किंवा तिच्यात तारे अधूनमधून, झटक्याझटक्याने जन्मतात आणि मध्ये दीर्घ विश्रांती असते.

१९८६ साली लूझ आणि थुआन यांनी अशा निळ्या आटोपशीर बटूंची प्रतवारी केली. तारे घडवणारे ठिपके मध्यभागी आहेत की विस्कटलेले, आणि मागे जुन्या ताऱ्यांचे मंद, अंडाकृती पांघरूण आहे की नाही, ही त्यांची कसोटी. बहुतेकांच्या मागे ते पांघरूण सापडले. म्हणजे निळे कपडे घातलेली ती मंडळी वयाने जुनीच होती. एक लहान गट मात्र असा उरला की ज्यामागे काहीच दिसेना. आय झ्विकी १८ त्यातली नमुनेदार. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे असताना हिचे वय पन्नास कोटी वर्षांहूनही कमी असावे, असे २००४ सालापर्यंत जाणकार लिहीत होते.

२००७ साली हबल अवकाश दुर्बिणीने अधिक वेळ रोखून पाहिले. त्या चित्रांत अतिशय मंद, तांबडे तारे दिसले. ते निदान शंभर कोटी वर्षांपूर्वीचे, कदाचित त्याहूनही बरेच जुने. दीर्घिकाही आधीच्या अंदाजापेक्षा दूर, सुमारे ५ कोटी ९० लाख प्रकाशवर्षांवर, निघाली. आजी माजघरात बसली होती. ओसरीवरून पाहणाऱ्यांना फक्त नातवंडे दिसत होती.

खोडदच्या तबकड्या

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद नावाचे गाव आहे. तिथे आणि आसपासच्या शेतशिवारांत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. चौदा मध्यभागी जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. सगळ्यांचे संकेत एकत्र केले की त्या एका महाकाय दुर्बिणीसारखे काम करतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण २००२पासून जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली आहे. स्वरूप २०२० साली गेले. पत्रा ठोकण्याऐवजी बारीक तारेची जाळी ताणून तबकड्या हलक्या आणि स्वस्त करण्याची त्यांच्या गटाची युक्ती जगाने वाखाणली. वारा जाळीतून जातो, रेडिओलहरी मात्र तिच्यावरून परावर्तित होतात.

या दुर्बिणीतून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आयेशा बेगम आणि जयराम चेंगालूर यांनी एक चिकाटीचे काम केले. शेजारच्या दीर्घिकांची शिरगणती करणारे रशियन खगोलशास्त्रज्ञ इगोर काराचेन्त्सेव्ह आणि त्यांचे सहकारी यांच्या साथीने त्यांनी ६५ अतिमंद, अनियमित बटू दीर्घिका निवडल्या आणि त्यांच्या वायूची चित्रे घेतली. २००८ साली या सर्वेक्षणाचा आढावा प्रसिद्ध झाला. इतक्या लहान आणि इतक्या मंद दीर्घिकांची अशी पद्धतशीर चित्रमालिका त्याआधी जवळपास नव्हतीच. ‘इतर’ रकान्यातल्याही तळाच्या मंडळींच्या दारावर पहिल्यांदाच कोणी जाऊन बसले होते.

त्यांतल्या एकीची गोष्ट सांगतो. तीही सप्तर्षींच्याच अंगणातली. एनजीसी ३७४१, सुमारे एक कोटी प्रकाशवर्षे दूर. साध्या छायाचित्रात ती म्हणजे एक बारीक निळसर ठिपका. २००५ साली खोडदच्या तबकड्यांनी तिच्याकडे पाहिले, तेव्हा वायूची एक विशाल, सावकाश फिरणारी थाळी दिसली. जिथवर तिचा प्रकाश दिसतो त्याच्या आठपटींहून अधिक अंतरापर्यंत ती पसरली होती. त्या वेळी माहीत असलेल्या वायूच्या थाळ्यांत, दीर्घिकेच्या मानाने, सर्वांत विस्तीर्ण. एका खोलीचे घर समजून दार लोटावे आणि मागे कित्येक एकरांचे शिवार पसरलेले दिसावे, तसे झाले.

थाळी कोणत्या वेगाने फिरते यावरून आत एकूण वजन किती ते काढता येते. सूर्याचे वस्तुमान आणि सूर्याचाच प्रकाश हे माप धरले, तर या दीर्घिकेत प्रकाशाच्या शंभरपटींहून अधिक वस्तुमान निघाले. म्हणजे दिसणारे तारे आणि रेडिओत सापडलेला वायू मिळूनही हिशेब जुळत नाही. उरलेले सारे अदृश्य कृष्णद्रव्य. मोठ्या दीर्घिकांत ताऱ्यांची एवढी दाटी असते की कृष्णद्रव्याचा वाटा वेगळा काढणे कठीण. बटूंमध्ये तारे थोडे, म्हणून ते स्वच्छ मोजता येते. विश्वातल्या सर्वांत मोठ्या कोड्याचा अभ्यास करायला लहान घरे सोयीची पडतात, ती अशी.

बहर आणि ताण

इथे एक प्रश्न सहज उभा राहतो. कणगीत एवढे धान्य असताना स्वयंपाक इतका थोडा का? उत्तर वायूच्या विरळपणात आहे. वायू नुसता असून भागत नाही. तो ढगांत साकळावा लागतो, थंड व्हावा लागतो, मग त्याच्या गाठी होऊन तारे जन्मतात. मोठ्या दीर्घिकेत सर्पिल बाहू वायू दाबत राहतात. बटूला बाहू नाहीत. कधी एखादी शेजारीण जवळून गेली, कधी बाहेरून नवा वायू ओघळला, की अचानक जोर चढतो.

आणि चढलेला जोर टिकत नाही. मोठे तारे काही लाख ते काही कोटी वर्षांत स्फोट होऊन संपतात. त्या स्फोटांचा धक्का भल्या थोरल्या आकाशगंगेला फारसा जाणवत नाही. तिचे गुरुत्वाकर्षण सगळे सावरून घेते. बटूचे बळ तेवढे नसते. तापलेला वायू फुगे धरून वर उसळतो, काही कायमचा बाहेर जातो, आणि ताऱ्यांत शिजलेली जड मूलद्रव्येही सोबत नेतो. आय झ्विकी १८मधला प्राणवायू इतका कमी का, याच्या उत्तराचा हा एक भाग. आमच्याकडचा संत्राबागायतदार झाडाला ताण देतो, मग पाणी सोडतो आणि बहर धरतो. बटू दीर्घिकेत बहर आणि ताण असेच आलटून पालटून येतात; फक्त तिथे बागायतदार नाही.

हा बहर किती जणींना चालू आहे, याचाही हिशेब झाला आहे. सुमारे ३ कोटी ६० लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या दीर्घिकांची लाल हायड्रोजन-प्रकाशात आणि अतिनील प्रकाशात पाहणी झाली. तिच्यावरून जॅनिस ली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की कोणत्याही वेळी शंभरातल्या साधारण सहाच बटूंमध्ये जोरदार बहर चालू असतो. पण बटूंमधल्या एकूण तारेजन्माचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या सहांच्या पदरात पडतो. उरलेल्या चौऱ्याण्णव संथपणे, थोडे थोडे तारे घडवत राहतात. फक्त चमकणाऱ्या सहांवरून सगळ्यांविषयी मत बनवले, तर ते फसते. आणि ताण सोसत असलेल्या बाकीच्यांना ‘संपलेल्या’ म्हणावे, तर तेही फसते.

भारताचा ‘अॅस्ट्रोसॅट’ उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावर जेमतेम ३८ सेंटिमीटर व्यासाच्या जुळ्या अतिनील दुर्बिणी आहेत. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली सुरू झालेल्या पुण्याच्या ‘आयुका’तले कनक साहा, तेजपूर विद्यापीठाचे अंशुमन बोरगोहाईं आणि सहकाऱ्यांनी त्यांतून १५० ते ३९० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या अकरा निळ्या बटूंची निरीक्षणे केली. त्या जवळच्या नव्हेत, पण जातकुळी तीच. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात दिसले की, या दीर्घिकांच्या दृश्य काठाबाहेरही नव्या ताऱ्यांचे पुंजके आहेत आणि ते हळूहळू आत सरकून दीर्घिकेची थाळी भरत आहेत. लहान घर वाढते कसे, हे इथे प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

हिरवे वाटाणे

वर्गवारी हे काम फक्त पदवीधारकांचे, असे वाचकांना वाटू नये. २००७ साली परदेशी शास्त्रज्ञांनी सुमारे नऊ लाख दीर्घिकांची चित्रे सामान्य लोकांपुढे ठेवली: सर्पिल की लंबवर्तुळाकार, एवढे सांगा. गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त माणसे असे हजारो जण त्यात उतरले. काहींना चित्रांत वाटाण्याएवढे हिरवे ठिपके दिसू लागले. ते विचारलेल्या कोणत्याच रकान्यात बसेनात. लोकांनी ते टाकून दिले नाहीत. बाजूला जमवले आणि हे काय म्हणून विचारले. २००९ साली त्यावर शोधनिबंध आला. त्या लहान, आटोपशीर आणि विलक्षण वेगाने तारे घडवणाऱ्या दीर्घिका होत्या. आरंभीच्या विश्वातल्या दीर्घिका कशा असाव्यात याचा अंदाज बांधायला त्या आज उपयोगी पडतात.

मी मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत असताना मुलांना दीर्घिकांची वीस छापील चित्रे देई आणि सांगे, ढीग पाडा. किती ढीग, कशावरून, ते मी सांगत नसे. बहुतेक गट गोल, भोवरा आणि वेडीवाकडी असे तीन ढीग पाडत. म्हणजे हबलचीच वाट. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने रंगावरून दोनच ढीग पाडले, निळा आणि पिवळा. भोवऱ्यांतले काही इकडे, वेडीवाकडी बहुतेक तिकडे. वर्गातली पोरे हसली. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘सर, कोळसा लाल असतो अन् गॅसची शेगडी निळी. निळ्या अजून पेटलेल्या आहेत.’’ तिच्या घरी तेव्हा गॅस नवा आला होता. आज तारे घडवणाऱ्या दीर्घिका आणि विसावलेल्या दीर्घिका यांची ढोबळ विभागणी शास्त्रज्ञ रंगावरूनच करतात, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. त्या चित्रांचा तिने पाडलेला तो निळा ढीग मी रबरबँड लावून तसाच ठेवला आहे.

डोक्यावरचा अंधार

हे सारे पाहायला खोडदला किंवा अवकाशात जावे लागते का? थोडेसे तरी घरून दिसते. चैत्र-वैशाखात आपल्याकडे आकाश कोरडे आणि रात्री गच्चीवर निजण्याजोग्या असतात. अशा अमावास्येच्या आगेमागे, रात्री नऊ-दहाच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला उंच चढलेले असतात. त्यांच्या शेपटाखाली श्यामशबल नावाचा छोटा तारकासमूह आहे. तिथे सहा-आठ इंची दुर्बिणीतून एनजीसी ४४४९ दिसते. काहीशी चौकोनी, पुसट, हाताने पुसलेल्या खडूच्या डागासारखी. रंग दिसत नाही, पाळणे दिसत नाहीत. २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीने प्रसिद्ध केलेल्या तिच्या चित्रातला लाल-निळा थयथयाट आपल्या डोळ्यांना मिळणार नाही. पण ही बहराला आलेली बटू दीर्घिका आहे आणि तिचा प्रकाश सुमारे १ कोटी २५ लाख वर्षे चालून आपल्या डोळ्यात शिरतो आहे. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता.

अट एकच: अंधार हवा. बटू दीर्घिका अशा मंद असतात की गावातल्या एका उंच खांबावरच्या दिव्यांच्या झुबक्याने त्या पुसल्या जातात. दिवे नकोत असे कोण म्हणेल? शेतातून रात्री परतणाऱ्याला, बसथांब्यावर उभ्या असलेल्या लेकीबाळींना उजेड हवाच. पण तो रस्त्यावर पडायला हवा. आकाशात उधळलेल्या उजेडाचे वीजबिल आपणच भरतो. दिव्याला वरून टोपी घातली आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावला, तर रस्ताही दिसतो आणि तारेही. विदर्भातच याचे उदाहरण आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांच्या आमच्या जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, असा अंधार अजून शिल्लक आहे. तो गेला तर काय गेले हे पुढच्या पिढीला कळणारही नाही. कारण न दिसलेल्या वस्तूची उणीव कोणाला भासत नाही. मॅगेलनचे मेघ आपल्या पुराणांत कुठे आहेत?

शाळेच्या हजेरीपटात, तलाठ्याच्या दप्तरात, बाजारसमितीच्या पावतीवर ‘इतर’ असा एक रकाना असतो. लिहिणाऱ्याला तो सोयीचा असतो. शहाणा कारकून मात्र वर्षअखेरीला तो आधी तपासतो. तिथली रक्कम फुगली असेल तर रकानेच नव्याने आखायला हवेत, हे त्याला ठाऊक असते. खगोलशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत लहान दीर्घिकांच्या बाबतीत नेमके तेच केले. आधी आकार पाहिला, मग रंग, मग पाळणे, मग कणगी. आणि दर वेळी रकाना पुन्हा आखला.

येत्या चैत्रातल्या एखाद्या अंधाऱ्या रात्री घरातल्या लेकरांना घेऊन गच्चीवर जा. दुर्बीण नसली तरी चालेल. सप्तर्षींच्या शेपटाखालच्या रिकाम्या दिसणाऱ्या आकाशाकडे बोट दाखवा आणि सांगा, इथे काही नाही असे वाटते ना? जरा वेळ बसू.